घरातलं रसायन : बाळाचं अंथरूण आणि आजीची गोधडी



या तिमाहीत मंडळाच्या यादीत तीन नवी नावं चढली आहेत, आणि आणखी दोन घरी पाळणा हलायची वेळ जवळ आली आहे. नव्या आईबाबांचं अभिनंदन. सहा महिन्यांचा व्हिसा मिळवून, तिकिटं काढून बॅगा भरायला बसलेल्या आजी-आजोबांचंही अभिनंदन. अशा दिवसांत आम्हाला हमखास एक प्रश्न येतो : "तुम्ही केमिस्ट्रीतले डॉक्टर, तेव्हा सांगा, बाळाला गादी कुठली घ्यायची?" आम्ही औषध देणारे डॉक्टर नव्हे. बाळाच्या तब्येतीचं काही असेल तर मिडवाइफ, हेल्थ व्हिजिटर नाहीतर जीपी. पण फोम, कापूस, ऊब, वास ही मात्र आमच्या रोजच्या कामातली मंडळी, म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

प्रश्न गादीचा असला तरी घरातली कुरबुर गादीवरून नसते, ती असते गोधडीवरून. आई येते ती २३ किलोच्या बॅगेत अख्खा बाळंतविडा बसवून : मऊ लुगड्यांची गोधडी, डझनभर दुपटी, झबली, टोपडी, कुंची, डोकं गोल यावं म्हणून मोहरीची उशी, दोन्ही अंगांना लावायचे छोटे लोड, आणि हल्ली तुळशीबागेतून आणलेली, वर चेनची मच्छरदाणी शिवलेली गुबगुबीत गादी. इकडे मिडवाइफ सांगून गेलेली असते की कॉटमध्ये एक टणक सपाट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, आणि बाळ. बस्स. आजीला वाटतं, एवढ्या थंडीच्या मुलखात लेकराला फळीवर टाकायला सांगतात ही माणसं. लेकीला किंवा सुनेला वाटतं, आता आईंना कसं सांगू. आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री, घरात कोणाचीच धड झोप झालेली नसताना, विषय निघतो. आजी गप्प होतात आणि गोधडी परत बॅगेत जाते. किंवा सून गप्प होते आणि गोधडी कॉटमध्ये जाते. या दुसऱ्या प्रकाराची आम्हाला जास्त काळजी वाटते. "मिडवाइफ म्हणते म्हणून" हे कारण आपल्या घरांत टिकत नाही, म्हणून खरं कारण सांगतो.

ऐंशीच्या दशकात या देशात बाळाला पालथं झोपवायची पद्धत होती, आणि ती दवाखान्यातूनच शिकवली जाई. त्याच काळात धडधाकट बाळं झोपेतच दगावण्याचं प्रमाण फार मोठं होतं. त्याला 'कॉट डेथ' असं नाव पडलं, कारण दुसरं काही सापडत नव्हतं. ब्रिस्टलच्या डॉ. पीटर फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा घरांची आणि त्याच भागातल्या, त्याच वयाच्या सुखरूप बाळांच्या घरांची तुलना केली. ती १९९० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. फरक तीन गोष्टींत ठळक दिसला : दगावलेली बाळं जास्त करून पालथी झोपवलेली होती, त्यांच्या अंगावर कपडे-पांघरुणं जास्त होती, आणि घरातलं हीटिंग रात्रभर चालू होतं. डिसेंबर १९९१ मध्ये सरकारने 'बॅक टु स्लीप' मोहीम काढली. टीव्हीवरच्या अ‍ॅन डायमंड यांचा मुलगा त्याच वर्षी असाच गेला होता, आणि मोहीम घरोघरी पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा. तेव्हापासून आजवर हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले आहेत. ना नवं औषध, ना यंत्र. बाळाला उताणं ठेवलं आणि अंथरूण-पांघरूण कमी केलं, एवढंच.

आता हे आजींना सांगताना त्याचा दुसरा अर्धा भागही सांगावा, कारण तो त्यांच्या बाजूचा आहे. या देशातल्या दक्षिण आशियाई घरांत असे मृत्यू आधीपासूनच कमी होते. ब्रॅडफर्डमध्ये पाकिस्तानी आणि गोऱ्या कुटुंबांच्या सवयींची तुलना झाली, तेव्हा दिसलं की आशियाई घरांत बाळ आईबापांच्या खोलीतच झोपतं, त्याला एकट्याला वेगळ्या खोलीत ठेवत नाहीत, आया सिगारेट ओढत नाहीत, आणि बाळाला घेऊन कोणी सोफ्यावर झोपी जात नाही. म्हणजे आपल्या आज्या ज्या गोष्टी न शिकवता करतात त्या इथल्या शास्त्राला पुढे मान्य कराव्या लागल्या. निदान पहिले सहा महिने बाळ रात्री-दिवसा आपल्याच खोलीत झोपवा, हा सल्ला आता इथेही देतात. मात्र त्याच पाहणीत आशियाई बाळांच्या डोक्याखाली उशा आणि अंगावर ड्युव्हेही जास्त सापडले. त्यांना वाचवलं ते उशीने नव्हे. आपलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे इथेच ठरतं, असं आमचं मत.

उशीचंच घेऊ. बाळ श्वास सोडतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. नाकासमोर मोकळी हवा असली की तो पसरून जातो. नाकासमोर मऊ कापड, कापूस किंवा दाण्यांची उशी आली, की तीच हवा खळग्यात साचते आणि बाळ आपलाच सोडलेला श्वास पुन्हा घेऊ लागतं. प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त. मोठा माणूस झोपेतच मान वळवतो. नवजात बाळाला ते दर वेळी जमतंच असं नाही, आणि काही बाळांत तर त्या वेळी जागं होण्याची यंत्रणाच उशिरा हलते. अमेरिकेत केम्प आणि थॅच या दोघांनी १९९१ मध्ये पॉलिस्टायरीनच्या दाण्यांनी भरलेल्या चपट्या उशांवर दगावलेल्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाणे बाजूला सरतात, चेहरा आत बसतो आणि भोवती खळगा होतो. आमच्या डोळ्यांसमोर ते वाचताना मोहरीची उशीच आली. दाणे प्लास्टिकचे की मोहरीचे, हे त्या खळग्याला कळत नाही. डोकं गोल करणाऱ्या उशा इथल्या दुकानांतही विकायला असतात. त्याही घेऊ नका, महागड्या असल्या तरी. डोकं एका बाजूने चपटं होऊ लागलं तर रात्री झोपवताना मान आज डावीकडे, उद्या उजवीकडे करावी, आणि जागेपणी बाळाला देखरेखीखाली पालथं घालावं. लोड, कॉटच्या कठड्याला बांधायच्या गाद्या, कापडी खेळणी यांनाही हाच हिशेब लागू. आणि ती चेनची मच्छरदाणीवाली गादी : मऊ तळ, गुबगुबीत कडा, वर जाळी, आणि इथे डास कुठले? ती भारतातच राहू द्या.

उशी सुटली तरी थंडीचं काय, हा आजींचा प्रश्न राहतोच, आणि तो रास्त आहे. इथे एक शब्द शिकून घ्यावा लागतो : टॉग. हे ऊब मोजायचं माप मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे कापसाच्या संशोधन संस्थेत, १९४० च्या दशकात निघालं. पांघरुणाच्या दोन बाजूंच्या तापमानात एक दशांश अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून एक वॉट उष्णता जात असेल, तर ते पांघरूण १ टॉगचं. आपला हिवाळी ड्युव्हे १० टॉगच्या वर असतो. म्हणूनच वर्षाच्या आतल्या बाळाला ड्युव्हे नको, लहान आकाराचासुद्धा नको. ऊब धाग्यात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. आता गोधडी बघा : पाच-सहा पदर, आणि दर दोन पदरांमध्ये धावदोऱ्याने कोंडलेली हवा. आपल्या बायकांनी टॉग हा शब्द न ऐकता हे साधलं आहे. पण तिच्यावर टॉगचं लेबल नाही, आणि घडी घालून पांघरली की ऊब दुप्पट धरायची. साध्या ब्लँकेटचीही घडी म्हणजे दोन ब्लँकेटं.

बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश पुरे. हे ऐकून आजींना हुडहुडी भरते, आम्हालाही थोडी भरते. पण खोलीत एक साधा तापमापक टांगला की वाद निम्मा होतो, कारण मग भांडण आकड्याशी होतं, माणसाशी नाही. एवढ्या गारव्यात झबलं, वर बेबीग्रो आणि साधारण २.५ टॉगची बाळाची स्लीपिंग बॅग चालते. खोली २० च्या वर गेली की १ टॉगची घ्या, आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात त्याहून हलकी. बॅग बाळाच्या वजनाप्रमाणे घ्यायची, "वाढतं अंग आहे, मोठीच घेऊ" असं इथे करायचं नाही : गळा मोठा असला तर डोकं आत जातं. बॅगेला टोपी नसावी, आणि बॅगेवर आणखी पांघरूण नको. बॅग नको असेल तर जाळीदार विणीचं सुती ब्लँकेट खांद्यापर्यंतच, कडा गादीखाली खोचून, आणि बाळाचे पाय कॉटच्या पायथ्याला टेकतील असं झोपवायचं, म्हणजे ते खाली सरकून पांघरुणात शिरत नाही.

टोपडं घरात झोपताना काढायचं. बाळाच्या अंगातली जादा उष्णता बाहेर जायला डोकं ही मोठी वाट आहे, आणि टोपडं सरकून नाकावरही येतं. आजी बाळाचे तळपाय चाचपतात आणि "गार पडलंय" म्हणतात. हातपाय गारच असतात, त्यावरून काही ठरत नाही. छातीवर नाहीतर मानेमागे हात लावून बघा. घाम किंवा कढतपणा लागला तर एक पदर काढा. दुपट्यात गुंडाळायचंच असेल तर पातळ सुती दुपटं, खांद्याच्या खाली, छातीवर सैल, मांड्या मोकळ्या हलतील असं. पाय सरळ ओढून घट्ट बांधले तर खुब्याचा सांधा नीट बसत नाही. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद. गळ्यातला काळा दोरा झोपताना काढून ठेवा. दृष्टीसाठी तीट आहेच.

आता एक गोष्ट जी मिडवाइफ सांगणार नाही, कारण तिला आपल्या ट्रंका माहीत नाहीत : डांबरगोळ्या. बाळंतविड्याची दुपटी, गोधड्या, लोकरीच्या शाली वर्षानुवर्षं ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या संगतीत असतात. त्या गोळ्या म्हणजे नॅप्थलिन. घन पदार्थ सरळ वाफ होतो, कापडात शिरतो, आणि कापड अंगाशी आलं की त्वचेतून आणि श्वासातून बाळाच्या रक्तात. यकृतात त्याचे जे पदार्थ बनतात ते तांबड्या पेशी फोडतात. मोठ्या माणसाला एवढ्याने सहसा काही होत नाही, पण नवजात बाळाचं यकृत कच्चं असतं, आणि ज्यांच्यात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना तर फार जपावं लागतं. हा दोष आनुवंशिक आहे, भारतीय कुटुंबांतही आढळतो, आणि इथे टाचेतून रक्त घेऊन जी तपासणी करतात तिच्यात तो पाहत नाहीत. बाळ पिवळं पडतं, कावीळ झपाट्याने चढते, आणि वेळेत उपचार न झाल्यास मेंदूला इजा होते. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये अशा २१ नवजात बाळांची नोंद छापली होती. युरोपीय संघाने २००८ मध्ये नॅप्थलिनच्या गोळ्यांवर बंदी घातली, तेव्हा ब्रिटन संघातच होता. आपल्याकडे मात्र त्या न्हाणीघरापासून कपाटापर्यंत सगळीकडे आहेत.

"धुऊन टाकू" हा उपाय पुरेसा नाही. नॅप्थलिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, उलट हवेत उडून जातं. म्हणून पुण्याच्या, सोलापूरच्या उन्हात आठ-पंधरा दिवस गच्चीवर वाळवायला सांगा, मग धुवायला सांगा, आणि तरीही वास राहिला तर ते कापड बाळाजवळ नको. त्यापेक्षा आजींना आजच फोन करा : बाळासाठी जे यायचं आहे ते डांबरगोळ्यांच्या ट्रंकेत ठेवूच नका. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालेल, आणि निघताना तो तिथेच झटकून या. बाळ पिवळं दिसलं आणि घरात या गोळ्यांचा वास असला, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा. दुसरी विचारायचं त्यांना सुचणार नाही.

एवढं लिहून झाल्यावर गादीकडे येतो. गादी टणक, सपाट, वर पाणी न शोषणारं आवरण असलेली हवी. आत फोम असो, स्प्रिंगा असोत की काथ्या, बाळाला फरक नाही. फरक तुमच्या खिशाला पडतो. मेमरी फोम मात्र टाळा : तो अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन शरीराचा आकार घेतो. त्याचा गुण तोच, आणि बाळासाठी दोष तोच. गादी आणि कॉटचा कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त फट नको. कॉटवर बी.एस. ईएन ७१६ हा आकडा बघा, आणि दोन दांड्यांमधली फट साडेचार ते साडेसहा सेंटिमीटर. नवी गादी फोडल्यावर वास येतो, तेव्हा बाळ यायच्या आधी काही दिवस खिडकी उघडून हवेवर ठेवा. इथे १९८८ पासूनच्या अग्निसुरक्षा नियमांमुळे बाळाच्या गाद्यांतही आगरोधक रसायनं घालत. २०२५ मध्ये सरकारने बाळांच्या वस्तू त्या नियमांतून वगळल्या.

याच रसायनांवरून एकेकाळी इथे मोठं रान उठलं होतं, आणि आमच्या धंद्याशी त्याचा संबंध म्हणून जरा रेंगाळतो. १९८९ मध्ये बॅरी रिचर्डसन या सल्लागाराने मांडलं की गादीच्या पीव्हीसीत अँटिमनी, आर्सेनिक, फॉस्फरस असतात, गादी ओली राहिली की तिच्यावर एक बुरशी वाढते आणि त्यांपासून विषारी वायू करते, आणि बाळं त्यानेच दगावतात. कल्पना वेडगळ नव्हती. एकोणिसाव्या शतकात आर्सेनिकच्या हिरव्या रंगाच्या भिंतीकागदावर ही बुरशी वायू सोडते हे दिसलं होतं, आणि लीड्सच्या चॅलेंजर यांनी तो वायू ट्रायमिथाइल आर्सीन असल्याचं १९३० च्या दशकात दाखवलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये आयटीव्हीच्या 'कुक रिपोर्ट'ने रिचर्डसनची कल्पना घरोघरी नेली, आणि आईबापांनी गाद्या फेकल्या, पॉलिथिनमध्ये गुंडाळल्या. मग लेडी लिमरिक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती बसली. तिने सगळे प्रयोग पुन्हा करून बघितले, आणि मे १९९८ च्या अहवालात सांगितलं की कॉटमधल्या परिस्थितीत असे वायू तयार होत असल्याचा पुरावा नाही. आम्हाला पटतो तो साधा मुद्दा वेगळाच : १९९१ नंतर मृत्यू झपाट्याने उतरले तेव्हा गाद्या त्याच होत्या, बदललं होतं ते झोपवणं.

दुसऱ्या घरातून आलेल्या वापरलेल्या गादीचा आणि या मृत्यूंचा काही संबंध स्कॉटलंडच्या एका पाहणीत २००२ मध्ये दिसला, कारण स्पष्ट नाही. म्हणून मंडळातल्या मंडळींनी एकमेकांना कॉट जरूर द्यावी, आमच्याकडेही अशीच एक फिरत आली आहे, पण गादी नवी घ्यावी. पाचव्या हाताच्या कॉटवर नवी गादी, हे बजेट बसतं.

बाळाला कुशीत घेऊन झोपायचं का, हा प्रश्न लाजत विचारला जातो. बाळाची सुरक्षित जागा म्हणजे तुमच्या पलंगाशेजारची त्याची कॉट. पण आपल्याकडे आया बाळाला जवळ घेऊनच झोपतात, आणि दूध पाजता पाजता डोळा लागतोच. तेव्हा निदान पलंगावर बाळाच्या बाजूला उशी-ड्युव्हे नको, भिंतीशी फट नको, मोठं भावंड शेजारी नको. आईबाबांपैकी कोणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, तर मुळीच नको. बाळ ३७ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा जन्मवेळी अडीच किलोच्या आत असेल तरीही नको, आणि आपली बाळं बरेचदा अडीचच्या आसपासच असतात, तेव्हा लाल पुस्तकातला वजनाचा आकडा बघा. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपी जाणं हे सगळ्यांत वाईट : धोका ५० पटींपर्यंत वाढतो. रात्री दोनला बाबांनी "तू झोप, मी घेऊन बसतो" म्हणून सोफ्यावर बसायचं असेल तर आधी चहा करून घ्यावा.

आणि गोधडी? ती परत बॅगेत घालू नका. दिवसा बैठकीत गालिच्यावर अंथरा, बाळ जागं असताना तिच्यावर पालथं घाला, शेजारी आजींनी बसावं. मान धरायला, वळायला, पुढे रांगायला यासारखी जागा नाही : खाली टणक जमीन, वर मऊ पण न खचणारं सुती कापड, आणि समोर ओळखीचा चेहरा. ओली झाली तर मशिनमध्ये धुता येते. डुलकी लागली की उचलून कॉटमध्ये, उताणं.

मंडळाचा सागवानी पाळणा बारशासाठी नेहमीप्रमाणे मिळेल. या वर्षी कड्या आणि साखळ्या नव्या बसवल्या आहेत. बारशापुरती त्यात गोधडी, फुलांच्या माळा, चिमणाळं सगळं चालेल, कारण भोवती वीस बायका उभ्या असतात. कार्यक्रम संपला की बाळ त्यात झोपवून ठेवू नये, रात्री तर नाहीच. पाळणा हवा असेल तर तारीख निदान दोन आठवडे आधी कळवा आणि न्यायला मोठी गाडी आणा. गेल्या वेळी एका उत्साही काकांनी तो लहान गाडीच्या टपावर बांधून नेला, पाय अजून जरा डुगडुगतो. दुरुस्तीसाठी सुतारकाम जाणणारं कोणी असेल तर तेही कळवा.

पुढच्या अंकी बाळगुटीबद्दल लिहावं असं तिघींनी सुचवलं आहे. सहाण आणि मुळ्या घरात असतील त्यांनी पाकिटावर काय छापलं आहे ते आम्हाला लिहून पाठवावं.